टॅब एक, कप्पे तीन

रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा मागे पोरांची इतकी रडारड चालू होती की तुझं निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नाही. 'टॅब', 'पासवर्ड' आणि 'डोकं फिरलंय' एवढं मात्र नीट पोहोचलं. बाकीचं, म्हणजे एकाच टॅबवरून पोरांची भांडणं, ओळखलं, कारण वर्षापूर्वी हेच नाटक आमच्या घरात होऊन गेलंय. फोनवर सांगायला घेतलं असतं तर अर्ध्यावरच तुला कुणीतरी ओढून नेलं असतं, म्हणून सगळे झोपल्यावर लिहायला बसलोय.

आमच्याकडे ठिणगी पडली ती एका गेमवरून. थोरलीने महिनाभर खपून ७२ लेव्हल पार केल्या होत्या. एका सकाळी धाकट्याने टॅब उचलला, तोच गेम उघडला आणि समोर दिसलेलं सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबलं. ते होतं 'नवीन खेळ'. त्याला तेव्हा वाचताही येत नव्हतं, त्यामुळे गुन्हा शाबीत होईना. थोरली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. माझ्याशीही नाही, कारण टॅब त्याच्या हातात मी दिला होता.

मग मी मोठ्या हुशारीने तिचं वेगळं ईमेल खातं काढलं आणि त्याच टॅबमध्ये जोडलं. झालं, म्हटलं, आता प्रत्येकाचं आपापलं. आठवडाभराने धाकटा तिचे फोटो पुसताना सापडला.

इथे जरा थांबतो, कारण तूही हेच करणार आहेस. खातं जोडणं वेगळं आणि टॅबमध्ये वेगळा युजर करणं वेगळं. नुसतं खातं जोडलं की कपाटाच्या दारावर दुसऱ्या नावाची पाटी लागते, आत कपडे एकत्रच. फोटो एकाच ठिकाणी, ॲप तीच, आणि बऱ्याचशा गेममधली प्रगतीसुद्धा तीच. युजर वेगळा केला की खरा कप्पा पडतो: त्याचे फोटो, त्याची ॲप, त्याचा वॉलपेपर, त्याचं सगळं. धाकट्याच्या कप्प्यातून थोरलीचा गेम दिसतच नाही, मग हिरवं बटण दाबणार कुठलं! अँड्रॉइडने ही सोय आधी टॅबला दिली, २०१२ साली, ४.२ या आवृत्तीत. फोनला ती मिळाली २०१४ मध्ये, ५.० बरोबर. फोन एकाचा असतो आणि टॅब घराचा, हे त्यांनाही तेव्हाच उमगलं असावं.

सेटिंगमध्ये वरच्या शोधाच्या चौकटीत 'युजर' (इंग्रजीत, user) असं टाइप कर, म्हणजे मेनूंच्या जंगलात हिंडायला नको. काही कंपन्या ही सोय बंद करून ठेवतात. तुझ्या टॅबमध्ये नसेल तर रात्र जागवू नकोस, नसेल तर नाही. वहिनींचा जुना आयपॅड मुलांना द्यायचा विचार असेल तर तिथे घरगुती वापरासाठी अनेक युजर नाहीतच. शाळांसाठी तशी व्यवस्था २०१६ पासून आहे, आपल्यासाठी नाही. तिथे 'स्क्रीन टाइम' (वेळेची आणि ॲपची मर्यादा) वापरायचा, आणि धाकटीला एकाच ॲपमध्ये कोंडून ठेवायचं असेल तर 'गाइडेड ॲक्सेस'. पण एका आयपॅडवर दोन भावंडांची भांडणं त्याने मिटत नाहीत. ॲमेझॉनचा फायर टॅबलेट असेल तर काम सगळ्यात सोपं, तिथे दोन मोठे आणि चार मुलं अशी प्रोफाइल मुळातच आखलेली असतात.

वेळेच्या मर्यादेबद्दल तू दोनदा विचारलंस. ती लावता येते, रोजची किती आणि रात्री कितीनंतर बंद, दोन्ही. गूगलचं 'फॅमिली लिंक' त्यासाठीच आहे. तेवढं लाव आणि विसर. माझा अनुभव असा की आमची खरी कटकट वेळेची नव्हतीच, 'माझं'ची होती. कप्पे झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी थोरलीने वॉलपेपर बदलला, चिन्हं स्वतःच्या मनाने लावली, आणि मला बोलावून दाखवलं, एखादी नवी खोली दाखवावी तशी. धाकट्याला अक्षर येत नाही, पण आपलं पिवळं गोल चित्र तो बरोबर ओळखतो. आणि माझंही सुटलं रे! आधी मी कामाचा एखादा व्हिडिओ शोधायला जावं, तर खाली डायनासोरची १२ गाणी.

आता माझी चूक ऐक, म्हणजे तू करणार नाहीस. आमचा टॅब ३२ जीबीचा, त्यातला बराच भाग टॅब स्वतःच खातो. ॲप सगळ्यांना मिळून एकदाच साठवलं जातं (म्हणूनच कुणीही अपडेट केलं की सर्वांचं होतं), पण आतला माल, म्हणजे फोटो, डाउनलोड, गेमचा डेटा, हा प्रत्येकाचा निराळा. जागा भरली. मला वाटलं, धाकट्याचा युजर काढून परत नवा करू, त्याला काय कळतंय. टॅबने विचारलंही की सगळं जाईल, चालेल का. मी घाईत 'हो' म्हटलं. त्याची चित्रं गेली, आणि त्यात त्याचा सहा पायांचा डायनासोर होता. त्याने तो परत काढला, पण या वेळी पाय पाचच आले, आणि ते माझ्यामुळे, असं तो अजून सांगतो. तेव्हा काढण्याआधी चित्रं-फोटो दुसरीकडे उतरवून घे.

मुख्य युजर, म्हणजे मालकाचा, तो तुझाच ठेव आणि त्याला पिन लाव. पोराच्या हातात तो कधीही देऊ नकोस, बाकीच्यांना काढायचा अधिकार त्यालाच असतो. आणि पिन टाकून झाल्यावर काच पुसायची सवय लाव, हसू नकोस! आमच्या धाकट्याने तिरपा उजेड धरून बोटांचे डाग वाचले होते. खरेदीला दर वेळी पासवर्ड मागायचं सेटिंगही आजच कर.

कुलपांचीच गंमत सांगतो. यूट्यूब किड्समध्ये मोठ्यांच्या सेटिंगमध्ये शिरायचं तर ते गुणाकार विचारतं, सात नवे किती वगैरे. दुसरीत असताना थोरलीला ते कुलूप भक्कम होतं. मग मीच रोज संध्याकाळी बसून तिच्याकडून पाढे पाठ करून घेतले. शेवटी तिथे स्वतःचा चार आकडी कोड टाकावा लागला.

एक गोष्ट मात्र कबूल करायला लाज वाटते. थोरलीचं खातं काढताना मी तिचं जन्मसाल खोटं टाकलं होतं. खरं टाकलं की तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती, देखरेख, फॉर्मवर फॉर्म, आणि मला रात्री अकरा वाजता कंटाळा आलेला. परिणाम असा की टॅबच्या लेखी ती चांगली पंचविशीची बाई झाली, आणि जाहिरातीही तिला तशाच दिसायला लागल्या. एक दिवस तिने विचारलं, 'बाबा, ही क्रीम सुरकुत्यांसाठी असते ना? मला का दाखवतात?' मग सगळं नव्याने केलं, खऱ्या तारखेनिशी. फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागली असतील. तू आधीच भर.

आता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, जो अर्धवट ऐकू आला: मुलीचा पिन आपल्याला माहीत असावा का. अरे, त्यावर माझंही ठरत नाहीये. आत्तापर्यंत होता. गेल्या आठवड्यात तिने तो बदलला, आणि मी विचारल्यावर म्हणाली, 'तुमचा पिन मला सांगता का?' मी 'नंतर बघू' म्हटलं आणि जेवायला बसलो. मुख्य युजर माझा आहे, हवं तर सगळं पुसू शकतो, पण उघडून बघू शकत नाही, आणि खरं सांगू, ते मला थोडं बरंही वाटलं. हिला नाही वाटलं. यावर आमच्यात दोन रात्री खल झाला, निकाल नाही. वहिनींना विचारून ठेव, त्यांचं मत मला हवंय, तुझं नव्हे.

टॅब सेट करायला बसशील तेव्हा पोरं झोपलेली असू देत, आणि चार्जर आधी शोधून ठेव. चार्जरचे कप्पे अजून कुणी पाडलेले नाहीत, आमच्याकडे त्यावरून आज सकाळीच झालं.

तुझाच