दमाचा हिशोब, शिट्टीचा आणि बीपचा

प्रिय दोस्ता,

"कॉम्प्युटर लावून कुणाचा दम वाढतो व्हय रे?" असं परवा फोनवर विचारलास आणि वर हसलास पण. तेव्हा मी ग्राउंडवर होतो, मागं पोरांचा कालवा, नीट बोलताच आलं नाही, म्हणून लिहितोय.

दम पळूनच वाढतो लेका, त्यात वाद नाही. पण कुणी किती जोरात पळायचं हे आपल्या वेळी कुणाला माहीत होतं? सगळ्यांना सरसकट ग्राउंडला दहा राउंड. पुढचे दोघं गप्पा मारत पळणार, मागचे ओकायला आलेले, आणि मधले कॉर्नर कापणार. तू मधल्यातला.

आता तालमीच्या फुटबॉल टीमच्या पोरांची सीझनच्या आधी यो-यो टेस्ट घेतो. तीच, क्रिकेटवाल्यांना टीममध्ये यायला १६.१ लागायचा ती. पण मूळची फुटबॉलचीच, डेन्मार्कच्या येन्स बांग्सबोनं काढलेली. २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, १० सेकंद सावकाश चालायचं, परत बीप, आणि बीपमधलं अंतर कमी कमी होत जातं. दोनदा रेषेवर वेळेत पोचला नाहीस की बाद. १६.१ म्हणजे लेव्हल १६ ची पहिली फेरी, तिथपर्यंत सगळं मिळून फक्त ११२० मीटर, रंकाळ्यावरचे आजोबा रोज त्याहून जास्त चालतात, पण ते वळणं आणि थांबून परत उठणं जीव काढतं बघ.

असल्या बीपच्या टेस्ट आधी कॅसेटवर यायच्या. टेप ताणली की बीप सरकायची, म्हणून घड्याळ लावून ती तपासायला लागायची. आता बीप फोनमधल्या ॲपवर वाजते, तिथं ती कटकट नाही. फक्त फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर मधेच कुणाच्या तरी मम्मीचा कॉल येतो आणि सगळी टेस्ट बोंबलते. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज जरा उशिरा येतो पण सगळ्याच बीप तेवढ्याच उशिरा येतात, त्यामुळं फरक पडत नाही.

ॲप शेवटी व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे जोरात पळताना अंग जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं त्याचा आकडा दाखवतं, त्यावर पोरं लगेच पैजा लावतात. तो आकडा मोजलेला नसतो रे, पळालेले मीटर गुणिले ०.००८४ अधिक ३६.४, झालं. म्हणजे ११२० ला ४५.८. खरं मोजायचं तर तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजणारं मशीन लागतं, ते आपल्या पेठेत कुठलं!

खरा उपयोग पुढं आहे. आमची निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, त्यामुळं १६०० मीटरचा टाइम प्रत्येकाला तोंडपाठ. तो एक्सेलमध्ये टाकायचा. ५ मिनिटं २० सेकंदवाला सेकंदाला ५ मीटर पळतो, म्हणजे १५ सेकंदांत ७५ मीटर. ६:४० वाल्याचे तेवढ्यात ६०. मग ज्याचा त्याचा प्लास्टिकचा कोन ज्याच्या त्याच्या अंतरावर मांडायचा, १५ सेकंद पळा, १५ सेकंद थांबा, आणि बीप सगळ्यांना एकच. आमचा जाडा गोलकीपर ६० च्या कोनावर आणि उडता विंगर ७५ च्या कोनावर एकाच बीपला पोचतात, दोघांचीही जीभ बाहेर. विंगरला आता गप्पा मारता येत नाहीत आणि गोलकीपर मधेच सोडून पाणी प्यायला जात नाही. शिट्टीनं हे मला कधीच जमलं नसतं.

रेषेला पाय लागला का नाही हे मात्र कुठलंच ॲप बघत नाही. तिथं फक्कीच्या रेषेवर एक खडूस पोरगा उभा केलाय, सख्ख्या भावालाही बाद करतो. आणि पावसात ग्राउंडवर चिखल असला की टेस्ट घेतच नाही, वळताना पोरं घसरतात, मग तो दमाचा आकडा राहतोय कुठं?

तू दिवसभर कोडिंग करतोस, तर एक काम कर की. पळायचे आणि थांबायचे सेकंद हवे तसे बदलता येतील अशी साधी बीपची फाईल करून दे, आत्ताच्या ॲपमध्ये दर दोन मिनिटांनी जाहिरात येते. आणि दिवाळीत येताना बूट आण, तुझा कोन ४५ मीटरवर मांडून ठेवतो.

तुझाच,
पेठेतला दोस्त