श्रमदान झाले, पोती काठावरच!

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मृगाच्या तोंडावर आम्ही गल्लीतल्या लोकांनी बीड शहरात बिंदुसरेच्या पात्रात श्रमदान केले. माणसे कमी पडली नाहीत. कॉलेजची पोरे आली, बचत गटाच्या बाया आल्या, पेन्शनर मंडळी आली. आला नाही तो ट्रॅक्टर. ‘पाठवतो’ असा शब्द मिळाला होता. वाट पाहून लोकांनी भरलेली पोती काठावर रचली आणि घर गाठले. मोकाट जनावरांनी ती फोडली आणि पहिल्याच दमदार पावसात निम्मा कचरा पुन्हा पात्रात गेला.

यातली मेहनत फोटोत दिसत नाही. सगळ्यात चिवट कचरा वेड्या बाभळीत असतो. पुराने आणलेल्या पिशव्या, साड्यांची धांदोटी काट्यांत अशी गुरफटतात की ओढले तर चिंधी हातात येते, गाठ तिथेच राहते. रबरी हातमोजे लगेच फाटतात. तिथे कोयताच लागतो. (तो आमच्या जिल्ह्यात शोधावा लागत नाही, ही गोष्ट वेगळी.) खाली गुटख्याच्या पुड्या आणि पंगतीतल्या थर्माकोलच्या ताटल्या. गुटखाबंदी २०१२ ची, थर्माकोलची २०१८ ची. दोन्ही बंद्या एकाच घमेल्यात भरल्या.

बिंदुसरा बरेच महिने कोरडी, म्हणून तिला कुणी नदी धरत नाही. १९८९ चा पूर पाहिलेल्यांना विचारा. इथे टाकलेले सिंदफणेत जाते, तिथून गोदावरीत.

माझे म्हणणे एवढेच, की श्रमदानाची तारीख ठरवण्याआधी गाडी ठरवावी, तीही लेखी. कचरा कुठे रिकामा होणार तेही त्यातच यावे, नाहीतर इथला ढीग उचलून गावाबाहेरच्या ओढ्यात ओतायचा, असे व्हायचे. भंगारवाल्याला आधी सांगितले तर बाटल्या, पत्रा तो जागेवरून नेतो. चिखलाने माखलेल्या पिशव्या मात्र कुणी घेत नाही. त्या त्याच दिवशी उचलाव्या लागतात. उद्घाटनाच्या फ्लेक्सचे पैसे डिझेलला दिले तरी पुष्कळ. तो फ्लेक्सही पुढे नदीतच सापडतो.

आणि पंगतींचे काय? विनापरवाना जागेवर १०० हून अधिक माणसे जमवायची असतील तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, अशी जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी आयोजकावर टाकली. मोकळ्या मैदानावर मांडव घालणारा कुणी हे करताना मी तरी पाहिला नाही. लग्नाच्या तिथी तर वर्षभर आधी ठरतात.

दिवाळीनंतर पुन्हा उतरायचे, असे पोरांनी ठरवले आहे. मीही जाणार आहे. पण ट्रॅक्टर काठाला लागल्याशिवाय पोती भरायला घ्यायची नाहीत, असे आम्ही आताच सगळ्यांना सांगून ठेवले आहे.

आपला,
एक वाचक, बीड