चार अक्षरांचा शिक्का

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ‘तुमचा स्वभावप्रकार ओळखा’ ही प्रश्नावली वाचली आणि एक जुनी विद्यार्थिनी आठवली. ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याच्या नोकरीसाठी तिने अर्ज केला होता. मुलाखतीआधी अशीच चाचणी घेतली, तीत ती ‘अंतर्मुख’ निघाली आणि नाव वगळले गेले. तिने मला निकाल दाखवला. तिचे गुण अगदी मध्यावर होते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर बदलले असते, तर ती ‘बहिर्मुख’ ठरली असती.

अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१च्या ग्रंथात मांडली. पण निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस नसतोच, असे खुद्द युंगच सांगत. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी त्यावरून माणसांचे सोळा प्रकार पाडणारी चाचणी तयार केली. प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरांचे नाव. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांची अक्षरे बदलतात. उमेदवार निवडण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे तिचे प्रकाशकही बजावतात, तरी ती सर्रास वापरली जाते याचा मला संताप येतो. उंचीवरून माणसांचे ‘उंच’ आणि ‘बुटके’ असे दोनच गट पाडले, तर मधल्या बहुसंख्यांना कुठे घालायचे? म्हणूनच आजचे बहुतेक संशोधक प्रकार न पाडता बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता असे पाच गुण कमी-अधिक प्रमाणात मोजतात.

आणि वर्णन ‘तंतोतंत जुळते’ म्हणून चाचणी खरी, असे मानणाऱ्यांसाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचा १९४८चा प्रयोग. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! मी २८ वर्षे मानसशास्त्र शिकवले. दरवर्षी हा प्रयोग वर्गात करायची. बंद पाकिटे वाटायची, ‘पटले’ म्हणून बहुतेक हात वर व्हायचे, मग शेजारच्याचा कागद वाचायला सांगायची. वर्ग एकदम गप्प होई.

पुरवणीत अशी प्रश्नावली छापताना तिच्या मर्यादाही तिथेच छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

ती विद्यार्थिनी वर्गात फारशी बोलत नसे, हे खरे. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी धीर सुटलेल्या मुली तिच्याचकडे जात.

– एक निवृत्त प्राध्यापिका