दुखत नव्हतं तीच जागा

सिस्टर, नमस्कार.

गेल्या साली सप्त्याच्या काल्यादिवशी केज तालुक्यातून एक 10 वर्षांचं लेकरू आणलं होतं, पाय टूथपेस्टने पांढराफेक. त्याचा मामा मी. पेस्ट मीच चोपडली होती.

पंगतीत मीठ वाढत पळता पळता ते आमटीच्या बादलीवर धडकलं. आमटीवर बोटभर तर्री. ती पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून राहते. तुम्ही आधी पेस्ट धुतली. म्हणालात, "हिच्याखाली किती खोल भाजलंय ते दिसतच नाही. 20 मिनिटं नळाखाली पाय धरला असता तर बरं झालं असतं." बोलणं बसलं, पण आवाज चढला नाही तुमचा.

मग तुम्ही त्याचाच तळहात, बोटांसकट, कागदावर काढून घेतला. एक तळहात म्हणजे सगळ्या अंगाच्या कातडीचा एक टक्का. मी 12 मोजले. तुम्ही म्हणालात, नुसती लाली ही पहिली डिग्री, ती टक्क्यात धरायची नाही. उरले 7. लेकरांचं 10 च्या वर गेलं की सलाईनचा हिशोब लागतो, हे ऐकलं अन् मी खाली बसलो.

मांडीवर फोड होते, खाली गुलाबी ओलसर. हात लागला की किंचाळायचं. तुम्ही बोटानं दाबलं. रंग गेला, परत आला. "ही दुसरी डिग्री, वरवरची. भरून येईल." घोट्यापाशी मात्र पायजम्याच्या इलॅस्टिकात आमटी साचलेली. तिथं रुपयाएवढा पांढरट, चिवट डाग. दाबलं तरी ते गप्प. आम्हाला वाटलं, चला, इथं तरी वाचलं. तुमचाच चेहरा उतरला. तिसरी डिग्री. कातडीची सगळी जाडी गेली, दुखणं कळवणाऱ्या नसाही गेल्या, मग दुखेल कशानं?

तरी पहिल्या दिवशी पक्कं सांगता येत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलंत. मांडी दोन आठवड्यांत भरली. घोट्याला कातडी लावावी लागली. सांधा होता, आखडला असता.

डिस्चार्जच्या दिवशी तुमची सुट्टी होती, भेट राहिली. आभार मानायचे होते, ते असे वर्षानं मानतोय. यंदा आचाऱ्याजवळच पाण्याचा टँकर उभा केलाय. आणि आमचा हिरो म्हणतो, मीठ नको, आमटीच वाढणार. हाफ चड्डीवर.