आजीसाठी अठरा मिनिटं, बाबांसाठी एक कादंबरी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

हॅम्बर्ग
रविवार, ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा, आई आणि आजी यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी आहे, पण घर उबदार असतं. आई, मी टोपी घालते, दोन दोन मोजे घालते आणि डब्यात रोज काहीतरी शिजवलेलं नेते. बर्फावरून घसरल्याचं दादानं तुला सांगितलं, ते डिसेंबरातलं आहे. गुडघा खरचटला होता, एवढंच. लपवायचं नव्हतं, सांगायचं राहून गेलं. रात्रपाळी महिन्यातून पाच-सहाच असतात आणि येताना कोट्टयमची मैत्रीण बरोबर असते, त्यामुळे तीही काळजी करू नकोस.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, की आजीला आता मालिका ऐकू येत नाहीत, कानातलं यंत्र ती काढून उशीखाली ठेवते आणि दुपारभर भिंतीकडं बघत बसते, तर तिकडं तिला बघण्यासारखं काही असलं तर कळव. तुमच्यासाठीही वाचायला काहीतरी सुचव म्हणालात. फोनवर ‘जेवलीस का’ आणि ‘पाऊस आहे का’ यातच वेळ जातो, म्हणून हे लिहायला बसले. पानांचे फोटो आजच दादाच्या मोबाइलवर पाठवते, कागद टपालानं मागून येईल.

आजीचं आधी. इथं ३१ डिसेंबरला घरोघरी लोक एक जुनी नाटुकली बघतात. नाव ‘डिनर फॉर वन’. काळीपांढरी आहे, १९६३ साली इथल्याच एनडीआर वाहिनीनं चित्रित केलेली. अठरा मिनिटांची. आणि गंमत म्हणजे ती इंग्रजीत आहे, आणि इंग्लंडात ती कुणाला फारशी माहीत नाही! इथं मात्र १९७२ पासून दरवर्षी ३१ डिसेंबरला लागतेच. आधी एक गृहस्थ जर्मनमध्ये थोडक्यात गोष्ट सांगतो आणि मग पडदा उघडतो. मला पहिल्या वर्षी काही समजलं नव्हतं, म्हणून तुम्हाला नीट सांगते.

मिस सोफी नावाच्या बाईंचा नव्वदावा वाढदिवस आहे. मोठं टेबल मांडलंय, पाच जणांचं. बाईंनी चार जुन्या मित्रांना बोलावलंय. पण ते चौघंही कधीच वारलेत. तरी त्यांच्या खुर्च्या मांडल्यात, ताटं मांडलीत, पेले मांडलेत. घरचा म्हातारा नोकर जेम्स एकेका खुर्चीमागं उभा राहतो, त्या त्या माणसाच्या वतीनं बोलतो आणि त्याच्या वाट्याचा पेलाही स्वतःच पितो. सूपबरोबर एक दारू, माशाबरोबर दुसरी, कोंबडीबरोबर तिसरी, फळांबरोबर चौथी. प्रत्येक वेळी चार पेले. खाली वाघाचं कातडं अंथरलंय, त्याच्या डोक्याला तो येता-जाता अडखळतो. पदार्थ बदलला की तो बाईंना विचारतो, गेल्या वर्षीसारखंच ना? बाई म्हणतात, दरवर्षीसारखंच. बस, एवढीच गोष्ट आहे.

बाईंचं हे ‘दरवर्षीसारखंच’ इथं सगळ्यांच्या तोंडी आहे. आमच्या वॉर्डात पाळी बदलताना मोठी सिस्टर विचारते, आज कसं करायचं, आणि कुणीतरी ते वाक्य म्हणतं. मला आधी वाटलं वॉर्डाचा काही नियमच असेल. पहिलं सूप असतं त्याचं नाव मलिगटॉनी. मैत्रीण म्हणाली, हा तमिळ शब्द आहे, मिळगु तण्णीर, म्हणजे मिरीचं पाणी. कुठलं सूप कुठं जाऊन बसलं बघा.

यंदा ३१ तारखेला मी ड्युटीवर होते. (सुट्टी मागितली नाही, कारण त्या रात्रीचे जास्तीचे पैसे मिळतात. बाबा, त्यावर रागावू नका.) आमच्याकडं एक आजीबाई आहेत, त्यांच्याकडं कुणी येत नाही. त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि आम्ही दोघींनी ते बघितलं. त्या जेम्सच्या आधीच हसायच्या, कारण पुढं काय होणार ते त्यांना पाठ आहे. मला मात्र त्या रिकाम्या खुर्च्या बघताना आपल्या सर्वपित्रीची आठवण आली. आजी आजोबांचं पान वाढते, त्यात वरणभाताशेजारी चमचाभर भडंग ठेवते, कारण त्यांना ते आवडायचं, आणि पान पुरतं वाढून होईपर्यंत कुणाला बोलू देत नाही. मी त्या आजीबाईंना हे माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यांना पटकन समजलं. त्यांनी विचारलं, भडंग म्हणजे काय? चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट आणि हिंग एवढं सांगितलं, पण त्याचा वास काही मला सांगता आला नाही.

हे आजीला दाखवाच. आवाज बंद ठेवला तरी सगळं समजतं. यूट्यूबवर आहे, दादा लावून देईल.

दुसरा एक सिनेमा तिच्यासाठीच सांगते, ‘प्रिन्स अहमद’. १९२६ चा मूकपट. लोट्टे रायनिगर नावाच्या बर्लिनच्या बाईनं काळ्या कागदाच्या बाहुल्या कात्रीनं कापून, एकेक चित्र हलवून तीन वर्षं खपून केला. अरबी गोष्टींमधला राजपुत्र आहे, उडणारा घोडा आहे, जादूगार आहे. सगळ्या नुसत्या सावल्या, पण बोटांची हालचालसुद्धा दिसते. अशी एकेक चित्र हलवून केलेल्या (अॅनिमेशनच्या) पूर्ण लांबीच्या सिनेमांपैकी जगात आज टिकून असलेला हा सर्वांत जुना आहे. आजी रुखवताला कागदाच्या जाळ्या कापायची ना, तिला त्या कात्रीची किंमत बरोबर कळेल. तासाभराचा आहे, दोन दुपारी बघा.

आई, टीव्हीचं विचारलं होतंस. आमच्या घरात टीव्ही नाही हे खरं आहे आणि तरी त्याचे पैसे भरतो हेही खरं आहे. कुणी फसवलेलं नाही. इथं प्रत्येक घरामागं महिन्याला १८.३६ युरो द्यावेच लागतात, टीव्ही असो नसो. तीन महिन्यांचे मिळून ५५.०८ येतात, आम्ही दोघी निम्मे निम्मे भरतो. सरकारी म्हणता येणार नाहीत, पण लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिन्या आहेत, त्यासाठी. ती मिस सोफीही त्याच वाहिन्यांवर लागते. आधी मलाही फार लागलं होतं, आता नाही.

खाण्यात तुला करून बघण्यासारखं एकच सांगते, बाकी सगळं पाव आणि पावच. नाताळच्या बाजारात काटोफेलपुफर मिळतो. कच्चा बटाटा किसायचा, पंच्यातून घट्ट पिळून पाणी काढायचं, किसलेला कांदा, मीठ, थोडा मैदा. हे लोक अंडं घालतात, तू तांदळाचं पीठ घाल, कुरकुरीत होईल. थालिपिठासारखं पातळ थापून भरपूर तेलात तळायचं. आणि त्यावर शिजवलेल्या सफरचंदाचा गोड गर! तिखटमिठाच्या पदार्थावर गोड, असं म्हणून तू नाक मुरडशील. मीही मुरडलं होतं. पण हात गारठलेले असताना कागदी ताटलीतनं खाल्लं आणि दुसरी ताटली घेतली. आमटी-भाताची सर त्याला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता बाबांचं. बाबा, तुमच्यासाठी मी खूप विचार करून एक कादंबरी काढलीय, ‘बुडेनब्रोक’. टॉमस मान यांची, १९०१ ची. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. इथून रेल्वेनं तासाभराच्या आत ल्युबेक गाव आहे, तिथल्या एका धान्याच्या व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांची गोष्ट. त्यांचं स्वतःचं घराणंही त्याच गावचं, त्याच व्यापारातलं. म्हणून पेढीवरचा बारीकसारीक तपशील इतका खरा आहे.

हे पुस्तक मला मिळालं ते रस्त्यावर. इथं चौकाचौकांत पुस्तकांची कपाटं असतात, कुलूप नाही, नोंदवही नाही. हवं ते न्यायचं, नको ते ठेवायचं. ते कपाट पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथंच उभी राहिले. २०१९ च्या पुरात आपल्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, तेव्हा तुमचं कपाट आपण उचललं नाही, गाद्या आणि धान्य वर नेलं. पाणी उतरल्यावर तुम्ही पानं एकेक सोडवून दोरीवर वाळत घातलीत आणि आठ दिवसांनी न बोलता सगळी बोळाच्या तोंडाशी नेऊन ठेवलीत. नगर वाचनालयाचीही हजारो गेली होती, त्यामुळे आपल्या दीडशे पुस्तकांबद्दल कुणाशी बोलायलाही तुम्हाला कसंतरी वाटत असणार. मी तेव्हा विचारलं नाही.

तर कादंबरीत टॉमस म्हणून मोठा मुलगा आहे, पेढीचा मालक. घराण्याच्या मूळ पुरुषानं लिहून ठेवलंय, की दिवसा धंदा मन लावून कर, पण रात्रीची झोप उडेल असा व्यवहार करू नकोस. तुम्ही अडतीवर हेच सांगायचात. आणि हा टॉमस, पेढीला उतरती कळा लागलेली बघून, एका अडलेल्या जमीनदाराचं उभं पीक कापणीआधीच निम्म्या भावात घेतो. पेढीला शंभर वर्षं झाली त्या दिवशी वाड्यात पाहुणे भरलेत, बँड वाजतोय आणि त्याच वेळी निरोप येतो, गारपिटीनं सगळं पीक गेलं. मी हे रात्री दोन वाजता वाचलं आणि मला दादाची द्राक्षबाग दिसली. हरिपूरच्या पेवांत, हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, २००५ ला पाणी शिरलं, त्या दिवशीचं तुमचं तोंड आठवलं. हळदीच्या पेठेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हे पुस्तक कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळेल, असं मला मनापासून वाटतं.

मी जर्मन प्रत आणि ग्रंथालयातली इंग्रजी प्रत शेजारी ठेवून वाचतेय. रोज एक प्रकरण माझ्या मराठीत सांगून आवाजी निरोप पाठवेन. तुम्ही चहा घेताना ऐका. मधे मला प्रश्न विचारत जा, म्हणजे मलाही नीट वाचावं लागेल.

त्यातली एक गोष्ट आजच सांगते. त्या घरात टोनी नावाची मुलगी आहे. तिला हॅम्बर्गच्या एका व्यापाऱ्याचं स्थळ येतं. तिला तो आवडत नाही. पण घर, पेढी, अब्रू, सगळे एका बाजूला. बाप वाईट नाही, चांगला आहे, त्यानं चौकशी केली, माणसाच्या खातेवह्याही बघितल्या. शेवटी ती घराण्याच्या नोंदवहीत स्वतःच्या हातानं साखरपुड्याची नोंद करते. नंतर कळतं, त्या खातेवह्या खोट्या होत्या. त्याला हुंड्याचे पैसे हवे होते. बापाला चूक कळते, तो येतो आणि मुलीला आपल्याबरोबर घरी नेतो. लग्नानंतर त्यांचं घर आइम्सब्युटेलजवळ होतं. बाबा, मी राहते तो भाग हाच.

तासगावच्या स्थळाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, आईनंच सांगितलं. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, घर चांगलं आहे, आत्याच्या ओळखीचं आहे, सगळं पोचलं. ते लोक हुंडा मागत नाहीत हेही. मी त्यांना त्या व्यापाऱ्यासारखं मुळीच समजत नाही, तसं मनात आणू नका. पण मी नोकरी सोडून यायचं, असं त्यांनी आत्तापासूनच धरलंय, असं आईच्या बोलण्यातून वाटलं. त्या मुलाशी मला एकदा स्वतः बोलू द्या. तासभर, मोबाइलवर, कुणी शेजारी न बसता. तोवर कुणी शब्द देऊ नका, सुपारीचं बोलू नका. आत्यांना वाईट वाटणार असेल तर मी त्यांना वेगळा फोन करेन.

सोसायटीचं कर्ज अजून २ लाख ४० हजार आहे. या महिन्यात ३५ हजार पाठवलेत, त्यातले २० हप्त्याला, बाकीचे आजीच्या कानाच्या नव्या यंत्राला. जुनं टोचतं म्हणून ती काढून ठेवते, यंत्रात दोष नाही आणि तिच्यातही नाही. दादाला म्हणावं, बागेच्या विम्याचा हप्ता माझ्याकडून घे, संकोच करू नकोस. दिवाळीला आले नाही, संक्रांतीला येत नाही, याचं मला रोज वाटतं, पण जूनमध्ये रजा नक्की आहे, अर्जावर सही झालीय.

आजीला तिळगूळ माझ्या वतीनं द्या, तुकडा बारीक करून.

तुमची लेक

ता. क. बाबा, मुलाचा नंबर दादाकडं द्या. रविवारी माझी दुपारपाळी नाही. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे माझे चार, ती वेळ बरी. आणि आई, भडंग पाठवशील तर लसूण जरा जास्त घाल, त्या वॉर्डातल्या आजीबाईंना चव द्यायचीय.