ताण, काडी आणि कात्री: अण्णांना पत्र

नाशिक

ती. अण्णा,
सप्रेम नमस्कार.

कात्री उघडण्याआधी काडीचं वय बघायचं, ही द्राक्षबागेतली सवय तुम्ही आम्हा गच्चीवर बोन्साय करणाऱ्यांना लावलीत. त्याचे आभार जाहीर मानतो आहोत, कारण नाशकात कितीतरी गच्च्यांवर डाळिंबाची बोन्साय वर्षानुवर्षं नुसतीच हिरवी उभी आहेत.

पहिले आभार क्रॅबॲपलच्या वेडातून बाहेर काढल्याबद्दल. फुलांनी लगडलेलं ते झाड बघून मोह कुणालाही पडतो. पण ते सफरचंदाच्या कुळातलं. त्याच्या डोळ्यांत, म्हणजे काडीवरच्या अंकुरांत, पुढच्या वसंताची फुलं आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि ती नीट उघडायला हिवाळ्यात साधारण ७ अंशांखालची शेकडो तासांची थंडी लागते. निफाडला पारा एखाद्या पहाटे पाच-सहावर येतो खरा, पण दुपारी ऊन तापतंच. झोप अर्धवट झालेलं झाड मग इथे दोन पानं, तिथे एखादं फूल, असं तुकड्यातुकड्यानं फुटतं. थंडी जी विश्रांती देते, ती आपल्याकडे पाण्याचा ताण, म्हणजे काही आठवडे पाणी तोडणं, देतो, हे तुमच्यामुळे उमगलं. आणि ताणाला चोख उत्तर देणारं डाळिंब तर आपल्या सटाणा-मालेगावच्या पट्ट्यातलंच.

जातीबद्दलही तुमचा आग्रह बरोबर होता. कुंडीत पान लहान होतं, फूल आणि फळ होत नाही. दीड फुटाच्या झाडावर भगवा या बागेतल्या जातीचं पाव किलोचं फळ टांगलं की फांदीही वाकते आणि झाडाचा तोलही जातो. म्हणून बुटकं, सुपारी-लिंबाएवढ्या फळांचं डाळिंबच घ्यायचं.

आता ताण. शेतातला महिना-दीड महिन्याचा कोरडा ताण चार इंच खोलीच्या कुंडीत जसाच्या तसा दिला तर मुळ्या मरतात. तुम्ही सांगितलेली रीत अशी: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाणी कमी करायचं, पानं मऊ पडून किंचित लोंबली की कुंडीच्या कडेनं कपभरच द्यायचं, असं तीन ते चार आठवडे. खत पूर्ण बंद. पानं पिवळी पडतात, बरीच गळतात, उरलेली हातानं खुडायची. बागेत पानगळीला इथ्रेल हे रसायन मारतात, पण कुंडीच्या झाडावर मात्रा जरा चुकली तर कोवळ्या काड्याही जातात, म्हणून ते नकोच. जानेवारीच्या मध्याला छाटणी, त्याच दिवशी हलकं पाणी, दोन दिवसांनी भरपूर. आंब्या बहाराचंच, म्हणजे बागेत हिवाळ्याच्या शेवटी धरतात त्या बहाराचंच, हे छोटं रूप. पहिलं पाणी एकदम भरपूर दिलं तर सुकलेली माती ते धरत नाही, कडेनं वाहून जातं आणि मुळांचा गड्डा मधोमध कोरडाच राहतो. कुंडी पाण्याच्या परातीत पाव तास ठेवली की हा प्रश्न मिटतो.

छाटणीत तुम्ही आमची सगळ्यात मोठी चूक दाखवलीत. वडाच्या बोन्सायला महिन्या-महिन्याला शेंडे मारून आकार देतात, तसंच आम्ही डाळिंबाला करत होतो. डाळिंबाचं फूल येतं ते पक्व काडीवरच्या आखूड फुटव्याच्या टोकाला. शेंडे सतत मारले की झाड घुमटासारखं सुबक दिसतं आणि कळी एकही नाही. म्हणून जानेवारीत एकदाच हात चालवायचा. बुडातले फुटवे आणि सरळ वर धावणारे पाणसोट मुळाशी काढायचे, एकमेकींवरून जाणाऱ्या फांद्यांतली एक ठेवायची, गेल्या पावसाळ्यातल्या लांब काड्या दोन-तीन पेरांवर आणायच्या, आणि पेन्सिलपेक्षा बारीक, काटेरी, आखूड, करड्या सालीच्या ज्या काड्या असतात त्यांना हातही लावायचा नाही. फळ तिथेच आहे. डाळिंबाचे डोळे समोरासमोर असतात, त्यामुळे कापल्याजागी दोन फुटवे चिमट्यासारखे निघतात. बाहेर वळणारा ठेवून दुसरा बोटानंच मोडायचा. यानंतर फळं सुपारीएवढी होईपर्यंत कात्री डब्यात. लांबलेल्या काड्या मग छाटा, पण सप्टेंबरअखेर थांबायचंच, नाहीतर पुढच्या बहाराला काडी कच्ची राहते.

जाड फांदी खोडालगत साफ कापायची नाही, ही तुमची ताकीद ऐकली नसती तर दोन झाडं गेली असती. डाळिंबाचं लाकूड कापल्या जागेपासून मागे वाळत जातं आणि ते वाळणं थेट खोडात शिरतं. अर्धा-पाऊण इंचाचा खुंट ठेवायचा, तो पूर्ण वाळला की काही महिन्यांनी तासून काढायचा. कापावर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप: १० ग्रॅम मोरचूद ५० मिलि पाण्यात, १० ग्रॅम चुना दुसऱ्या ५० मिलि पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस झाला तर चुना कमी पडला. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटनं पुसायची, कारण तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग कात्रीवरूनही पसरतो.

फुलं आली की बुडाकडे निमुळती, घंटेसारखी फुलं नर, ती गळणारच. बुडाला फुगीर, सुरईसारखी असतात त्यांनाच फळ धरतं. झाड स्वतःच्याच परागावर फळतं, तरी गच्चीवर माश्या कमी असतील तर सकाळी मऊ ब्रश फिरवावा. एका टोकाला एकच फळ, दीड फुटाच्या झाडाला तीन ते पाच. मोह आवरला नाही तर पुढच्या वर्षी झाड रुसतं.

उरलेलं थोडक्यात, कारण हे बहुतेकांना ठाऊक असतं. माती: चाळलेले विटांचे तुकडे दोन भाग, पोयटा एक, कुजलेलं शेणखत एक. दर दोन-तीन वर्षांनी ताण संपताना मुळांचा तिसरा हिस्सा कापून कुंडी बदलायची आणि त्या वर्षी फळ धरू द्यायचं नाही. नत्र जास्त झालं की पान माजतं, कळी गळते, म्हणून महिन्याला मूठभर नव्हे, चमचाभर निंबोळी पेंड, आणि कळी दिसल्यावर ०:५२:३४ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोन वेळा पाणी. एक दिवस कोरडं ठेवून दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिलं की फळ तडकतं. फळ लिंबाएवढं व्हायच्या आत त्यावर मलमलची पिशवी बांधली तर अळी शिरत नाही.

अण्णा, डाव्या बाजूचं जुनं झाड तुम्ही वाचवलंत, पण त्याच्या शेंड्यावरचा तो जाड खुंट अजून अर्धा ओला आहे. तुम्ही येईपर्यंत आम्ही त्याला हात लावत नाही. संक्रांतीनंतर छाटणी ठेवली आहे. तुमची कात्री आणू नका, आमची धार लावून तयार आहे. चहा आणि बाजरीची भाकरी आमच्याकडे.

आपली,
गच्चीवरची बोन्साय मंडळी