भावफलकावर शून्य का दिसते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांच्या पत्रांत रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचे पत्र नुकतेच वाचले. फळविक्री सोसायटीच्या संकेतस्थळावर केळीचा भाव मधूनच शून्य दिसतो, व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडली तर भलत्याच दिवसाचा भाव येतो आणि विचारायला गेले की ‘सर्व्हर डाऊन होता’ एवढेच ऐकायला मिळते, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रार शंभर टक्के खरी. पण शेवटी त्यांनी ‘मराठीत संकेतस्थळ चालत नाही, इंग्रजीच करून टाका’ असे सुचवले आहे. ते मला पटले नाही, म्हणून हे पत्र.

मी सावद्याला राहते आणि वर्डप्रेसचे, म्हणजे संकेतस्थळे बनवण्या-चालवण्याच्या एका मोफत सॉफ्टवेअरचे, प्लगिन लिहिते. प्लगिन म्हणजे त्याला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. कामे बहुतेक पुण्या-मुंबईची, थोडी परदेशातली. घरची पिलबाग (जुन्या केळीच्या पिलांवर धरलेली बाग) असल्यामुळे भावफलकाकडे माझेही रोज लक्ष असते. पत्रात लिहिलेले सगळे प्रकार मी आपल्याच भागातल्या एका सोसायटीच्या संकेतस्थळाच्या आत शिरून पाहिले आहेत. सर्व्हर डाऊन असेल तर पान उघडतच नाही. अठराशे पन्नास रुपयांच्या भावाचे शून्य करण्याचे काम सर्व्हर करत नाही.

आधी प्लगिन कसे जोडले जाते ते थोडक्यात सांगते. वर्डप्रेस २००३ साली आले, २००४ च्या १.२ या आवृत्तीत त्याला प्लगिनची सोय झाली. आपण ठिबकची मेन लाइन न कापता लागेल तिथे भोक पाडून नळी जोडतो, तसेच हे आहे. वर्डप्रेसचा मूळ कोड चालता चालता ठरावीक जागी थांबतो आणि ‘इथे कोणाला काही करायचे आहे का?’ असे विचारतो. या जागांना हुक म्हणतात. तिथे आपले काम जोडले की ती ॲक्शन, आणि जाणारा मजकूर अडवून, बदलून पुढे सोडला की तो फिल्टर. मूळ कोडला हात लागत नाही, त्यामुळे वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली तरी आपले काम पुसले जात नाही. आज अधिकृत प्लगिनसंग्रहात ५० हजारांहून जास्त प्लगिन फुकट मिळतात. त्यातले एखादे ‘दरपत्रक’ उचलायचे, त्यात नवती, पिलबाग, कांदेबाग असे केळीच्या प्रकारांचे रकाने बसवायचे आणि संकेतस्थळ तयार म्हणून बिल लावायचे, अशी आपल्याकडची रीत. ते दरपत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सलून नाहीतर हॉटेल होते. त्यात त्याची चूक नाही.

आता शून्याचे. भाव भरणारा कारकून मोबाइलवर मराठी कीबोर्ड ठेवतो आणि ‘१८५०’ टाइप करतो. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिले आहे, तिच्यात मजकुराचा पूर्णांक करणारे ‘इंटव्हॅल’ नावाचे फंक्शन आहे. त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. देवनागरी ‘१८५०’ दिले तर ते कुरकुर करत नाही, चूकही दाखवत नाही, गुपचूप शून्य परत देते. प्लगिन ते शून्य जतन करते आणि वर ‘यशस्वीरीत्या जतन झाले’ अशी हिरवी पट्टी दाखवते. इंग्रजी अंकांतही हजारानंतर स्वल्पविराम दिला की हेच फंक्शन स्वल्पविरामापाशी थांबते, म्हणजे अठराशे पन्नासचा भाव चक्क १ होतो. त्या सोसायटीतला कारकून मला म्हणाला, “ताई, म्या तं बरोबरच टाकेल व्हतं.” त्याने टाकलेले बरोबरच होते. तरी कित्येक महिने बोलणी त्यानेच खाल्ली.

यावरचा इलाज चार-पाच ओळींचा आहे. जतन करण्याआधी देवनागरी शून्य ते नऊच्या जागी इंग्रजी शून्य ते नऊ ठेवायचे, स्वल्पविराम काढायचे आणि त्यानंतरही हाती संख्या येत नसेल तर नोंद नाकारायची. हे तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भाव नसला तर जागा कोरी दिसू द्या. कोरी जागा पाहिली की शेतकरी फोन करून विचारतो. शून्य मात्र आठवड्याच्या सरासरीत शिरते, आलेखात खड्डा पाडते, आणि मग ‘सावद्यात भाव कोसळला’ म्हणून तोच आलेख फिरत राहतो.

लिंकचे दुखणे याहून खोल आहे. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्ता बनवते आणि डेटाबेसमध्ये त्यासाठी २०० चिन्हांची जागा ठेवते. इंग्रजी अक्षर एका चिन्हात बसते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र ३ बाइटचे. पत्त्यात ते टक्क्याच्या खुणांसह लिहिले की त्याची ९ चिन्हे होतात. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे मराठी शीर्षकाला जेमतेम बावीस चिन्हांची जागा. ‘आजचे केळी बाजारभाव १४ ऑगस्ट’ असे शीर्षक द्या आणि पुढे साल लिहा. पत्ता ‘ऑगस’पाशी तुटतो, साल त्यात येतच नाही. पुढच्या वर्षी त्याच तारखेचा भाव टाकला की पत्ता पुन्हा तोच, म्हणून वर्डप्रेस त्याला शेपटी लावते, वजा दोन. नव्या भावाची लिंक शेपटीवाली आणि बिनशेपटीची गेल्या वर्षीची. व्हॉट्सॲपवर पाठवताना कोणी ती टक्क्यांची माळ हाताने निवडून कॉपी केली आणि शेपटी सुटली, की समोरच्याला गेल्या वर्षीचा भाव दिसतो. पत्रलेखकांना ‘भलत्या दिवसाचा भाव’ दिसला तो बहुधा असा. इथेही उपाय प्लगिनमध्येच आहे. लेख जतन होण्याआधी फिल्टर लावायचा आणि भावाच्या पानाच्या पत्त्यात फक्त तारखेचे आकडे घालायचे. शीर्षक मराठीतच राहते.

शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा भाव शोधून सापडत नाही, ही तक्रार पत्रात नव्हती. ती मी भरते. बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे डोळे लावल्याशिवाय आपल्याकडे कापणी ठरत नाही, आणि नेमके हेच गाव शोधाच्या खिडकीत हरवते. कारण ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी खास नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. कारकुनाने एका रीतीने लिहिले आणि शेतकऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले की ‘काहीही आढळले नाही’. दऱ्या, वाऱ्या, तऱ्हा, सगळ्यांचे तेच. युनिकोडची (अक्षरे संगणकात साठवण्याच्या जागतिक पद्धतीची) प्रमाणीकरणाची, म्हणजे वेगवेगळ्या रीतीने टाइप झालेले एकसारखे करण्याची, जी तयार सोय पीएचपीत मिळते, ती नुक्त्याचा घोळ मिटवते, पण अदृश्य जोडचिन्हवाला प्रकार तसाच सोडते. तो नियम आपला आपल्यालाच लिहावा लागतो, आणि जतन करताना व शोधताना, दोन्हीकडे लावावा लागतो. हे काम कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला सुचेल कसे? ते ज्याचा ‘ऱ्ह’ अडतो त्यानेच केले पाहिजे.

एसएमएसने भाव पाठवणाऱ्या प्लगिनचीही तीच गत. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरी असेल तर ७०. प्लगिन मोजते १६०, कंपनी बिल लावते दोन-तीन संदेशांचे, आणि संचालक मंडळ म्हणते की मराठी महाग पडते. श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली परिपत्रके चिकटवून पानावर जंतर-मंतर उमटवणे हा प्रकार आपल्या कार्यालयांतही तुम्ही पाहिला असेल, त्यावर लिहीत नाही.

यातल्या एकाही अडचणीत वर्डप्रेसला मराठी येत नाही असे नाही. त्याचा आतला कारभार मराठीत निवडता येतो, मजकूर मराठीत साठतो, दिसतो. वर जोडलेले प्लगिन मराठीत वापरून कोणी पाहिलेले नसते, इतकेच. आणि ते दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नाही. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा; अधिकृत संग्रहातल्या प्लगिनचा परवानाही त्याच्याशी जुळणारा असावा लागतो आणि कोड माणसाला वाचता येईल असाच ठेवावा लागतो. गुंडाळून, लपवून ठेवलेला कोड तिथे चालत नाही. मी एका परदेशी प्लगिनकाराला अंकांची दुरुस्ती पाठवली. लोक खरेच असे अंक टाइप करतात का, असे त्याने विचारले. आमच्या बोर्डावरचा खडूने लिहिलेला भाव मी फोटो काढून पाठवला. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आली.

मग आपल्याकडे घोडे अडते कुठे? माझ्या मते कोटेशनच्या कागदावर. सोसायटी असो, पतसंस्था असो की शाळा, तीन कोटेशन मागवतात, ‘डायनॅमिक वेबसाइट, ॲडमिन पॅनल, एक वर्ष होस्टिंग मोफत’ एवढ्या ओळी वाचतात आणि सर्वांत कमी आकडा निवडतात. कमी आकड्यात काम करणाऱ्याने मराठी तपासायची कधी? तो अध्यक्षांच्या केबिनमध्ये लॅपटॉपवर इंग्रजी अंकांत एक भाव भरून दाखवतो, टाळ्या होतात, पेढे वाटले जातात. रोज भाव भरणारा कारकून त्या वेळी चहा आणायला गेलेला असतो.

कार्यादेशात एक अट घालावी अशी माझी सूचना आहे. शेवटचे बिल मंजूर करण्याआधी कारकुनाने स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या कीबोर्डने, ठेकेदाराने मध्ये न बोलता एक आठवडा भाव भरायचा. त्यात देवनागरी अंक यावेत, स्वल्पविराम यावेत, बऱ्हाणपूर यावे. जे बिघडेल ते दुरुस्त झाल्यावर पैसे. आणि ठेकेदाराने या तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर ते द्यावेत. ते फुकटचे काम नाही.

अध्यक्षांनी आणखी एक प्रश्न आधीच विचारावा, की भावाचा कोड वेगळ्या प्लगिनमध्ये आहे की थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या भागाच्या, फंक्शन्स फाइलमध्ये कोंबला आहे? आपल्याकडे दुसरा प्रकार सर्रास चालतो, कारण तो पटकन होतो. पुढे दिवाळीला नवे रूप हवे म्हणून थीम बदलली, की त्या फाइलमधले सगळे बंद. नोंदी डेटाबेसमध्ये असतात, पण दाखवणारा कोडच गेलेला, म्हणून ‘जुने भाव उडाले’ असा गवगवा होतो. शिवाय कारकुनाला पूर्ण ॲडमिनचा पासवर्ड देऊ नये. फक्त भाव भरता येईल अशी वेगळी भूमिका प्लगिनमधून तयार करता येते.

‘इंग्रजी अंक वापरायला शिकवा, विषय संपला’ असे मला काही जणांनी ऐकवले आहे. कीर्दीत, पावतीवर आणि बोर्डावर जो माणूस जन्मभर मराठी अंक लिहीत आला, त्याने एका स्वस्त प्लगिनसाठी हात का बदलावा? पाच ओळींचा कोड बदलणे सोपे आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतून बीसीए आणि इंजिनिअरिंगची मुले दरवर्षी ग्रंथालय व्यवस्थापन नाहीतर हजेरीपटाचा तोच तो प्रकल्प करतात. त्याऐवजी एकेका गटाने संग्रहातले एक प्लगिन घ्यावे, मराठीत वापरून पाहावे, बिघाड लिहून काढावा आणि दुरुस्ती मूळ लेखकाला पाठवावी. मुलाखतीत दाखवायला खरे काम हाती राहील. मार्गदर्शक प्राध्यापक बोलावतील तर कॉलेजात येऊन सांगायला मी तयार आहे.

अंक, पत्ता आणि ‘ऱ्ह’ या तिन्हींची सोय असलेले केळीभावाचे प्लगिन मी लिहून ठेवले आहे. ज्या सोसायटीला ते हवे असेल तिने आपल्या संपादकीय कार्यालयाकडे नाव कळवावे, मी बसवून देईन; प्लगिनचे पैसे नाहीत, बसवण्याचे आणि वर्षभराच्या देखभालीचे आहेत. येताना सोबत अध्यक्ष नसले तरी चालतील, कारकून आणि त्याचा मोबाइल लागेल.

आपली,
एक प्लगिनकार,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव